आधी वही, मग टाकी: प्रवाळ शिकू पाहणाऱ्या पुणेकरांसाठी

वारज्यात तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये १०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आत दोन क्लाउनफिश, मश्रूम प्रवाळाच्या सात चकत्या, एक लेदर कोरल आणि सासूबाई जिला ‘गवताची चटई’ म्हणतात ती हिरवी स्टार पॉलिप. टाकी भरण्याआधी मी जवळजवळ वर्षभर तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकली होती. तरी पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी टाकी गेली.

झालं असं. अ‍ॅरिझोनातल्या एका अनुभवी माणसाच्या व्याख्यानात ऐकलं, की कोरड्या हवेत टाकी गार ठेवायला साधा पंखा पुरतो. एप्रिलमध्ये मी पंखा लावला. पाणी ३१ अंशांवरून २८ वर आलं, मी खूश. पण पंख्यानं रोज अडीच लिटर पाणी उडत होतं आणि ती घट मी भरत होते खाऱ्या पाण्यानं. समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच घालायचं, असा माझा हिशेब. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं, हे शाळेत शिकलेलं त्या आठवड्यात आठवलं नाही. सात दिवसांनी मोजलं तेव्हा क्षारता, म्हणजे हजार भागांत मीठ किती तो आकडा, ३५ ऐवजी ४१ होती. त्या गृहस्थांच्या टाकीला आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र होतं. त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं राहिलं.

व्याख्यानं ऐकताना खरं काम असतं ते हे न सांगितलेलं हुडकण्याचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच.

१. बोलणारा कुठल्या पाण्यातला, ते आधी ओळखा

या विषयावर बोलणारे साधारण तीन प्रकारचे. समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, घरी किंवा मत्स्यालयात टाक्या सांभाळणारे, आणि विकणारे. तिघांकडूनही शिकता येतं, फक्त एकाचं वाक्य दुसऱ्याच्या खात्यात टाकायचं नाही.

शास्त्रज्ञांपासून सुरुवात करा असं मी सांगेन, कारण प्रवाळ हा प्राणी आहे, हे तिथे पहिल्या पाच मिनिटांत नीट कळतं. (बोटातल्या अंगठीत मंगळाचं पोवळं असतं ते वेगळ्या कुळातलं, भूमध्य समुद्रातलं. रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळांचे खडक, बांधणारे प्रवाळ ते नव्हेत.) प्रवाळ म्हणजे छोट्या छोट्या पॉलिपांची, म्हणजे तोंडाभोवती शुंडकं असलेल्या नळीसारख्या जिवांची, वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर अन्न तयार करतात आणि बराचसा वाटा घरमालकाला देतात. सासूबाईंनी एकदा विचारलं, “ह्यांना खायला काय घालतेस गं?” मी म्हटलं, “उजेड.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि देवघरात निघून गेल्या.

पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो, रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसतो. हेच ब्लीचिंग, म्हणजे विरंजन. शास्त्रज्ञ इथे ‘डिग्री हीटिंग वीक्स’ असा शब्द वापरतात. सर्वांत गरम महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा समुद्र किमान १ अंशानं किती वर गेला आणि किती आठवडे तसाच राहिला, याचा तो हिशेब. एक अंश चार आठवडे म्हणजे ४, दोन अंश दोन आठवडे म्हणजेही ४. चारच्या आसपास विरंजन दिसू लागतं, आठच्या पुढे प्रवाळ मरू लागतात. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांच्या मदतीनं हा आकडा काढते. १९९८, २०१० आणि २०१४–१७ नंतर चौथं जागतिक विरंजन तिनं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं.

इथे एक सापळा आहे. “एका अंशानं प्रवाळ मरतात” एवढंच ऐकून नवखा माणूस टाकी २५ ची २६ झाली की घाबरतो. शास्त्रज्ञाचा एक अंश मोजला जातो त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याच्या वर, आणि तोही आठवड्यांच्या हिशेबानं. तुमच्या टाकीत दुपारी अंशभर चढ आणि रात्री उतार होत असेल, तर ते झोप उडवण्यासारखं नाही.

विकणाऱ्यांबद्दल एवढंच: त्यांच्या व्याख्यानात यंत्र कसं चालतं हे उत्तम कळतं, ते तुम्हाला हवं का हे कळत नाही.

२. कुठे ऐकायचं

समुद्र आपल्यापासून घाट उतरून आहे, पण समुद्राचा अभ्यास पाषाणमध्येही चालतो. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांचे सहकारी हिंदी महासागरातल्या उष्णतेच्या लाटांवर काम करतात. मे २०२० मधल्या अशाच लाटेनंतर मन्नारच्या आखातात पाण्याखाली पाहणी झाली, तेव्हा ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडलेले आढळले. हे माझ्या घरापासून स्कूटरवर पाऊण तासाच्या अंतरावर अभ्यासलं जातं, हे मला फार उशिरा कळलं. पाषाणलाच आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास शहरातल्या बऱ्याच संशोधन संस्था सर्वसामान्यांना आत येऊ देतात. त्या दिवसांत फेरी मारा, फाटकावर दाखवायला ओळखपत्र ठेवा, आणि व्याख्यान प्रवाळांवरच हवं असा हट्ट धरू नका. समुद्राच्या तापमानावरचं व्याख्यान प्रवाळांचंच असतं.

टाकी सांभाळणाऱ्यांची व्याख्यानं मात्र बहुतेक ऑनलाइनच, अमेरिकेतली किंवा युरोपातली. रसायनशास्त्रासाठी रँडी होम्स-फार्ली यांचं काही मिळालं तर सोडू नका. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ आहेत आणि क्षारता, कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) यांचं गणित त्यांच्याइतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलं नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातले जेमी क्रॅग्ज यांचं काम वेगळ्याच कारणासाठी ऐकावं. बंद टाकीत ऋतूंप्रमाणे तापमान आणि चंद्राचा उजेड हुबेहूब बदलत ठेवून त्यांनी प्रवाळांचं प्रजनन घडवून आणलं. घरी करण्यासारखं ते नाही, पण प्रवाळ किती बारीक गोष्टींवर घड्याळ लावतो, हे ऐकून आपण टाकीचा दिवा लहर लागेल तेव्हा लावणं बंद करतो.

थेट व्याख्यान ऐकणार असाल तर वेळेचं गणित कागदावर करा. न्यूयॉर्कला संध्याकाळचे ७ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाच. मी एकदा बरोबर एक तास आधी उठून, चहा करून, रिकाम्या स्क्रीनसमोर बसले होते.

एक बातमी अभिमानाची म्हणून: प्रवाळांवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची जी मालिका आजही चालू आहे, तिची पहिली परिषद १९६९ साली तमिळनाडूतल्या मंडपम इथे भरली होती.

३. सामग्री

व्याख्यानाला बसताना:

- दोनशेपानी वही. मोबाइलमधल्या नोंदी पुन्हा कुणी वाचत नाही, निदान मी तरी.
- एककांची चिठ्ठी, वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली. १ अमेरिकी गॅलन म्हणजे ३.८ लिटर, ७८ फॅरनहाइट म्हणजे साधारण २५.५ सेल्सियस, अल्कलिनिटीचा १ डीकेएच म्हणजे १७.९ पीपीएम (दशलक्ष भागांत किती), विशिष्ट गुरुत्व १.०२६ म्हणजे क्षारता जवळपास ३५.
- व्याख्यानाची तारीख. ही सगळ्यात वर लिहा.

तारखेचं कारण सांगते. जुन्या व्याख्यानांत नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा, असा धोशा असतो. आता अनुभवी लोक नेमकं उलट सांगतात. शून्यावर प्रवाळ उपाशी राहतो आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर टाकीवर चढतो. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवते. दोन्ही सल्ले आपापल्या काळात प्रामाणिकच होते. तारीख नसेल तर तुम्ही दोन्ही एकाच पानावर लिहाल आणि आठवडाभर डोकं धराल.

टाकीसाठी नंतर लागणाऱ्या वस्तू: रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायला), टीडीएस मीटर (गोड्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), थर्मामीटर, अमोनिया-नायट्रेट-अल्कलिनिटीचे टेस्ट किट, मीठ कालवायला झाकणाचं पिंप आणि छोटा पंप, बॅटरीवर चालणारा एअर पंप. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून गप्प बसू नका, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासा. शून्यावर बरोबर आणि ३५ वर चुकीचा, असा रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे अजून आहे. पेपरवेट म्हणून.

४. पानाचे चार रकाने

पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा: काय सांगितलं, कुणाच्या पाण्याबद्दल, मोजलं कशानं, आणि काय सांगितलं नाही. चौथा रकाना व्याख्यान संपल्यावर भरायचा, शांतपणे. माझ्या वहीतली एक ओळ अशी:

“तापमान ७८ ठेवा. / ७०० लिटर, तळघर, थंड देश. / फॅरनहाइट, दोन प्रोब. / चिलर आहे का? तळघर बारा महिने गारच असतं?”

दुसरी:

“दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. / २०० लिटर, नुसते सॉफ्ट कोरल. / – / पाणी कुठून येतं? मीठ किती तास कालवतात?”

तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते वाक्य अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही. अनुभवाला किंमत आहेच, पण त्यावर पाच हजारांची वस्तू मागवू नका.

५. ऐकलेलं पुण्यात आणताना

याबद्दल कुठल्याही परदेशी व्याख्यानात काही मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

पाणी. सगळे सांगतात आरओ-डीआय, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही रेझिननं काढलेलं पाणी वापरा, टीडीएस शून्य हवा. आपण म्हणतो, घरी आरओ आहेच. मीही किचनमधल्या आरओचं पाणी मोजलं, ५८ आलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा वॉल्व असतो. माणसांना ते चालतं. टाकीला वेगळा आरओ आणि पुढे डीआय रेझिनचा डबा लागतो. सोसायटीत कधी खडकवासल्याचं, कधी टँकरचं, कधी बोअरचं पाणी येतं. बोअरचं पाणी जड, त्यावर रेझिन पटापट संपतं. म्हणून दर वेळी पिंप भरताना टीडीएस मोजा.

ऊन. पंखा इथेही चालतो, मार्च ते मेच्या कोरड्या हवेत उत्तमच चालतो. पण काचेवर पाण्याच्या पातळीशी मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं, म्हणजे आरओ-डीआयचं, पाणी भरा. १०० लिटरमधले ३ लिटर उडाले तरी क्षारता ३५ ची ३६ होते. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा नुसता वारा घालतो. तोवर बाहेरचं तापमान उतरलेलं असतं, एवढं आपलं नशीब. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतोच. पुण्यात दोन्ही लागतात, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. त्याच्या मते एवढ्या पैशात आपण दहा वेळा मालवणला जाऊन खरे प्रवाळ पाहून आलो असतो. हिशेब चुकीचा नाही.

वीज. वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेली, की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. दिवा गेला तर काही तास फरक पडत नाही. बॅटरीचा एअर पंप त्यासाठीच. तो चार्ज आहे का, हे एप्रिलमध्येच बघा.

६. आजारी की रुसलेलं?

व्याख्यानातली चित्रं पाहून नवखा माणूस हमखास फसतो, कारण पांढरा प्रवाळ दोन वेगळ्या कारणांनी पांढरा असतो. विरंजन झालेल्या प्रवाळावर मांस असतं, फक्त काचेसारखं पारदर्शक. जवळून पाहिलं तर पॉलिप दिसतात, कधी त्यांचे शुंडकही हलतात. हा जगू शकतो. ऊतीच झडल्या असतील तर उरतो तो नुसता सांगाडा, धारदार कडांची बारीक भोकं, आणि काही दिवसांतच त्यावर हिरवट शैवाल चढतं. २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा आढळलेला आणि पुढे कॅरिबियनभर पसरलेला ऊती झडण्याचा रोग हा या दुसऱ्या प्रकारातला. व्याख्यानात चित्र आलं की थांबवा आणि आधी स्वतःशी ठरवा: मांस आहे की नाही? मग वक्ता काय म्हणतो ते ऐका. वीस-पंचवीस चित्रांनंतर नजर बसते.

घरच्या टाकीतलं उदाहरण. माझा लेदर कोरल एके दिवशी मिटला. फुललेला असतो तेव्हा त्यावर गव्हाच्या लोंबीसारखे शेकडो पॉलिप उभे असतात. आता तो सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, वरून मेणचट. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी मी पाणी बदललं, चौथ्या दिवशी आयोडीन घातलं, पाचव्या दिवशी दिवा कमी केला. सहाव्या दिवशी मेणाचा पातळ पापुद्रा एका कडेनं सुटला, प्रवाहात फडफडला आणि निघून गेला. खालून कोवळा, स्वच्छ प्रवाळ. लेदर कोरल अशी कात टाकतातच. माझ्या तीन उपायांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, आणि खरोखर काही बिघडलेलं असतं, तर कुठल्या उपायानं सुधारलं हे मला कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून नियम: एका आठवड्यात एकच बदल. सडका वास, तपकिरी जेलीसारखा थर किंवा मांस वितळून सांडणं दिसलं, तर मात्र थांबू नका. तो तुकडा लगेच वेगळ्या भांड्यात हलवा.

झोअँथिड प्रकारचे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचे दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करायला जाऊ नका, वाफेतून विषबाधा होऊन घरचे सगळे दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं आहेत.

७. खरेदीआधी कायदा

परदेशी वक्ता याबद्दल बोलणार नाही, त्याचं कारणही नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. म्हणजे व्याख्यानांत ज्यांची सर्वांत सुंदर चित्रं असतात, तेच. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. मऊ म्हणजे चालतं, असाही नियम समजू नका. सी फॅन हाताला लवचीक लागतो, पण तो यादीत आहे.

एका दुकानात मला एसपीएसचा, म्हणजे छोट्या पॉलिपांच्या कठीण प्रवाळाचा, तुकडा “मॅडम, हा सॉफ्टच आहे” म्हणून दाखवला होता. नखानं टोकरलं तर कडक. मी नमस्कार करून बाहेर पडले. घेताना हे मागा:

- दुकानाच्या नावाचं छापील बिल, त्यावर शास्त्रीय नाव
- आयात केलेला असेल तर आयातीच्या कागदाची प्रत
- टाकीत वाढवलेल्या वसाहतीचा तुकडा असेल तर देणाऱ्याचं तसं लेखी

कागद नसतील तर प्रवाळ नको. शंका असेल तर वन विभागात विचारा. आणि अंदमानहून किंवा लक्षद्वीपहून पांढरे वाळके तुकडे शोकेससाठी आणू नका, मेलेला प्रवाळही कायद्याच्या कक्षेत येतो.

८. प्रश्न विचारताना

“माझा प्रवाळ मरतोय, काय करू?” या प्रश्नाला जगात कुणाकडेही उत्तर नाही. मी आता असा विचारते: टाकी किती लिटर, किती महिन्यांची, क्षारता, तापमान सकाळ-दुपार, नायट्रेट, अल्कलिनिटी, गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं, आणि मग एका ओळीत प्रश्न. लाजू नका. चौथ्या रकान्यातलं विचारा: “तुमच्याकडे उडालेलं पाणी कोण भरतं?” असं विचारल्यावर वक्ते हसतात आणि मग दहा मिनिटं कामाचं बोलतात.

९. पहिले तीन महिने

पहिला महिना: नुसतं ऐकणं, चार रकाने, निदान सहा व्याख्यानं. खरेदी शून्य.

दुसरा महिना: टाकी, दगड, मिठाचं पाणी. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ, पाकिटावरचं प्रमाण पाहून, रात्रभर पंपानं फिरवून. मग चार ते सहा आठवडे वाट. अमोनिया चढेल, नायट्राइट चढेल, दोन्ही शून्यावर उतरतील, नायट्रेट दिसू लागेल. या काळात रिकामी टाकी पाहून पाहुणे “मासे कुठायत?” विचारतील.

तिसरा महिना: दोन्ही आकडे शून्यावर टिकले असतील तर एक मश्रूम, एकच. दोन आठवडे रोज सकाळी त्याच वेळी फोटो.

बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायला विसरू नका. दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिलं तर ते बहुधा गुरुवारीच असतं.